तुळजाच्या शेतातला संप

आंबेखोलच्या पदवी कॉलेजात टपाल कुंभारवाड्याहून येणाऱ्या दुपारच्या बसनं येतं. बस पुरती थांबायच्या आधीच कंडक्टर पिशवी खाली सोडतो आणि शिपाई येसाजी ती झेलतो. नोव्हेंबरातल्या त्या बुधवारी पिशवीतून दोन लखोटे निघाले. येसाजीनं दोन्ही आणून महाबळेश्वर सरांपुढं ठेवले, कारण प्राचार्य आठवड्यातून दोनच दिवस येत आणि बुधवार त्यांतला नव्हता.

पहिलं पत्र विद्यापीठाचं होतं. त्यात 'फेररचना' हा शब्द सात वेळा आला होता. येत्या सोमवारी समितीचे सदस्य येऊन प्रत्येक विषयाच्या वर्गात प्रत्यक्ष हजर असलेले विद्यार्थी मोजणार होते. पंधरापेक्षा कमी भरले, तर तो विषय बंद. तो शिकवणाऱ्या तात्पुरत्या शिक्षकाची सेवा समाप्त. त्याचे तास कायम प्राध्यापकांत वाटून टाकायचे, म्हणजे आठवड्याला सोळा तासांच्या जागी चोवीस.

दुसरं पत्र प्राध्यापक संघटनेचं होतं. 'या अन्यायकारक फेररचनेच्या निषेधार्थ सर्व शाखांनी येत्या सोमवारी अध्यापनावर संपूर्ण बहिष्कार टाकावा. काळ्या फिती लावून महाविद्यालयाच्या परिसरात निदर्शने करावीत. फोटो पाठवणे बंधनकारक.'

महाबळेश्वर सरांनी चष्मा काढून पुसला आणि दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. दोन्हींतला सोमवार एकच होता.

सर इतिहास शिकवत आणि गेली अकरा वर्षं संघटनेच्या आंबेखोल शाखेचे अध्यक्ष होते. अर्थशास्त्राच्या नेत्रा मॅडम चिटणीस आणि राज्यशास्त्राचा प्रवीण खजिनदार. शाखेत माणसं तीनच. साधा सभासद असा कुणी नसल्यामुळं शाखेत आजवर फूट पडली नव्हती.

"बहिष्कार टाकला तर वर्ग रिकामे," सर म्हणाले. "वर्ग रिकामे दिसले की समिती लिहिणार, इथं पोरंच नाहीत, करा बंद."

"आणि नाही टाकला तर?" प्रवीणनं विचारलं.

"तर संघटना लिहिणार, आंबेखोल शाखा फितूर."

खरं तर या तिघांच्या विषयांना धोका नव्हता. कितीही वाईट दिवस असला तरी वीस-पंचवीस मुलं त्यांच्या वर्गात असायचीच. धोका होता तो समाजशास्त्राला. पटावर सतरा मुलं, त्यांतली निम्मी दिग्गीकडच्या वाड्यांवरची. बस चुकली की वर्ग नऊवर यायचा. आणि समाजशास्त्र शिकवणारी अश्विनी होती गेस्ट लेक्चरर. रोज रामनगरहून दोन बस बदलून येणारी, आठ वर्षं दर जूनला नव्यानं नेमली जाणारी आणि दर एप्रिलला हार घालून परत पाठवली जाणारी. तिच्या गळ्यात आजवर पडलेले हार मोजले असते, तर एखाद्या आमदाराला हेवा वाटला असता.

नेत्रा मॅडमना नियमांची भारी आवड. इतर बायका भाजी निवडतात तशा त्या परिपत्रकं निवडायच्या. त्यांनी संघटनेचं पत्र उजेडात धरलं.

"बहिष्कार आपण टाकायचाय, विद्यार्थ्यांनी नव्हे. आणि अश्विनी संघटनेची सभासद नाही. गेस्टना सभासद करून घेतच नाहीत. म्हणजे तिला बहिष्कार लागू नाही. ती आत शिकवेल, आपण बाहेर फिती लावून उभे राहू. समिती येईल, मोजेल, जाईल."

"असं कसं?" अश्विनी दारातूनच म्हणाली. ती फळा पुसायचं फडकं घ्यायला आली होती. "तुम्ही माझ्यासाठी उन्हात उभं राहणार आणि मी आत फळ्यावर लिहीत बसू? बरं दिसतं का ते?"

"दिसायचं काय त्यात?" सर म्हणाले. "तू फक्त पंधरा डोकी समोर बसव. बाकीचं संघटना बघून घेईल."

संघटनेच्या तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि ठराव मंजूर झाला.

शुक्रवारी नेत्रा मॅडमनी नोटीस काढली. 'सोमवारी कायम प्राध्यापकांचा अध्यापन-बहिष्कार असला, तरी समाजशास्त्राच्या सर्व विद्यार्थ्यांनी अनिवार्यपणे उपस्थित राहावे.' एवढ्या वाक्यात पळवाट शोधून दाखवा, असं त्या प्रवीणला दोनदा म्हणाल्या.

पळवाट वाक्यात नव्हतीच. ती येसाजीत होती. लांबच्या वाड्यांवरची मुलं दुपारच्या बसनं निघून गेली होती आणि शनिवारी तास नव्हते, म्हणून निरोप पोचवायचं काम येसाजीकडं आलं. येसाजी स्वतः दिग्गीचा. शनिवारी गावाकडं जाता जाता त्यानं पहिल्या वाडीवर सांगितलं, "सोमवारी मास्तर लोक शिकवणार न्हाईत, पर पोरांनी यायचं." दुसऱ्या वाडीवर घाई होती, तिथं "सोमवारी मास्तर शिकवणार न्हाईत" एवढंच सांगून झालं. पुढं निरोप येसाजीच्या हातात राहिला नाही, तो आपल्या पायांनी चालू लागला. तिसऱ्या वाडीत तो 'सोमवारी कॉलेज न्हाई' असा पोचला आणि येसाजी घरी जाऊन पोचेपर्यंत दिग्गीत त्याच्याच बायकोनं त्याला सांगितलं, "सोमवारी तुमास्नी सुट्टी हाय म्हनं."

सोमवारी नऊ वाजता समाजशास्त्राच्या वर्गात नऊ मुलं होती. साडेनऊला अश्विनीनं हजेरी घेतली, तेव्हाही नऊच होती. दहाला तिनं पुन्हा घेतली, तेव्हा मुलं एकमेकांकडं बघू लागली.

तिन्ही पदाधिकारी दंडाला काळ्या फिती बांधून फाटकाशी उभे होते. अश्विनी बाहेर आली. तिनं नुसती नऊ बोटं दाखवली.

"बाकीचे कुठं आहेत?" महाबळेश्वर सरांनी येसाजीला विचारलं.

येसाजीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "तुळजाच्या शेतात हायत, सर. कापनीला. सुट्टी हाय म्हंताना सगळ्या वाड्यांनी मिळून सोमवारच धरला."

"सुट्टी आहे असं सांगितलं कुणी?"

"त्येच इचारत हिंडतोय मी," येसाजी म्हणाला. "काल बायकोला इचारलं, ती म्हंती तुमीच सांगितलासा."

समिती अकरापर्यंत येणार होती. तुळजाचं शेत रस्त्याच्या कडेला, कॉलेजपासून मैलभरावर. तिघंही तसेच निघाले, येसाजी पुढं.

या भागात कापणी एकट्यानं होत नाही. आज एकीच्या शेतात सगळे उतरतात, उद्या दुसरीच्या. त्यामुळं तुळजाच्या खाचरांत त्या दिवशी चार वाड्यांतली माणसं होती आणि त्यांत समाजशास्त्राची सहा मुलं ओळीनं वाकलेली दिसत होती. आणखी दोघं होती, पण मास्तर येताना दिसताच ती कापल्या भाताच्या रचलेल्या उडवीमागं गेली. सोमवारी आपल्याला ताप येणार असल्याचं त्यांनी शुक्रवारीच अश्विनी मॅडमना कळवून ठेवलं होतं.

तुळजा पदर खोचून बांधावर आली. "काय मास्तर? सुट्टीच्या दिवशी पोरांस्नी शोधत आलासा?"

"सुट्टी नाही, तुळजाबाई. आमचा बहिष्कार आहे."

"त्ये काय आनि?"

"म्हणजे आज आम्ही शिकवणार नाही."

"मग त्येच की! तुमी शिकवणार न्हाई आनि पोरांनी येऊन बसायचं. देव न्हाई त्या देवळात घंटा बडवायची व्हय?"

सरांनी समिती, पंधरा डोकी, फेररचना सगळं समजावून सांगितलं. तुळजानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विळ्यानं खाचरांकडं बोट दाखवलं.

"ही चार खाचरं आज आडवी पडली न्हाईत, तर रानडुकरं येऊन लोळणार. परवा पुतळीचं निम्मं खाल्लं त्यांनी. डुकरांस्नी काय तुमचं पत्र दावू? समिती येणार हाय, आज जरा पलीकडं जावा म्हणून?"

सर संघटनेच्या घटनेतली कलमं आठवू लागले. मग नेत्रा मॅडम पुढं झाल्या. "तुळजाबाई, मुलं आली नाहीत तर अश्विनीची नोकरी जाणार. ती गेस्ट आहे."

"गेस्ट म्हंजे?"

"पाहुणी," येसाजीनं मध्येच सांगितलं.

"ती व्हय? ती तर कवापास्नं हाय."

"आठ वर्षं झाली."

तुळजा बांधावर बसलीच. "आठ वर्सं? आनि अजून पाहुणीच? आमच्यात पाहुणा तिसऱ्या दिवशी कामाला लागतोय आनि चौथ्या दिवशी घरचा व्हतोय. कसली रीत म्हणायची ही?" तिनं लेकीकडं बघितलं. चंद्रा विळा थांबवून ऐकत होती. "माझी चंद्री आदी चार मान्सांत तोंड उगडत न्हवती. ग्रामसभेत उटून पान्याचं इचारली परवा. त्या बाईनंच शिकवलं तिला." तुळजा उठली. "न्या. सहाच्या सहा न्या."

महाबळेश्वर सरांचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच ती म्हणाली, "पर माझे सहा इळे रिकामे पडले. त्ये कोन धरनार?"

तुळजानं तिघांकडं एकेक करून बघितलं. आठवडी बाजारात बैल बघतात तसं.

"तुमचा आज संप हाय न्हवं? म्हंजे तुमी रिकामेच."

"आम्ही तिघंच आहोत," सर घाईनं म्हणाले.

"तिघं कुटलं? शिकल्यालं मानूस म्हंजे अर्धा इळा. तिघं मिळून दीड. पोरं दुपारपतूर जानार, तर तुमी सांजंपतूर कापायचं. तवा कुटं फिट्टंफाट."

"मधली सुट्टी?" नेत्रा मॅडमनी विचारलं.

"पेज शिजली की."

"आणि कामाचे तास एकूण किती धरायचे?"

तुळजानं वर बघितलं. "सूर्य त्या डोंगरामागं गेला की झालं. त्येला इचारा."

अकरा वर्षांच्या कारकिर्दीत अध्यक्षांनी वाटाघाटीत इतक्या लवकर हार कधी खाल्ली नव्हती. सहा मुलं विळे ठेवून येसाजीच्या मागनं कॉलेजकडं पळाली आणि आठवड्याला चोवीस तास काम देऊ नये म्हणून संपावर गेलेले तीन प्राध्यापक चिखल वाळलेल्या खाचरात उतरले.

"निदर्शनं परिसरात करायची आहेत," प्रवीणला आठवलं.

"परिसर किती लांबपर्यंत, ते पत्रात लिहिलेलं नाही," नेत्रा मॅडम पदर खोचत म्हणाल्या.

प्रवीण रोज पहाटे जोर-बैठका काढायचा. त्यानं पहिली दहा मिनिटं असा सपाटा लावला की बायका काम थांबवून बघू लागल्या. अकराव्या मिनिटाला तो बांधावर उताणा पडला आणि आकाशाचा फोटो काढू लागला. मग त्याला फोटो बंधनकारक असल्याचं आठवलं आणि त्यानं फिती दिसतील असे दोन-चार फोटो काढले. नेत्रा मॅडम हळू कापायच्या, पण प्रत्येक पेंडी सारख्या मापाची. महाबळेश्वर सर मूठभर भात कापायचे, ते नीट बघायचे, पाठ धरून उभे राहायचे आणि समोरच्या डोंगराकडं पाहायचे. सूर्य त्याच्यापासून फार लांब होता.

"मास्तर, भात कापायचं हाय," तुळजा ओरडली. "वाचायचं न्हाई!"

अकराच्या सुमाराला रस्त्यावर एक पांढरी गाडी थांबली. डोक्यावर गोल टोपी, गळ्यात उपरणं, पन्नाशीतला एक गृहस्थ खाली उतरला. जंगल बघायला येणारे असे टोपीवाले रोजचेच. कुणी वाघ कुठं दिसेल विचारतो, कुणी धबधबा.

"नमस्कार री," तो बांधावर येऊन कानडी वळणानं म्हणाला. "आंबेखोल कॉलेज कुठं आलं?"

"तिथं बघण्यासारखं काही नाही हो," महाबळेश्वर सर कंबर सरळ करत म्हणाले. बोलायला माणूस मिळाला म्हणजे विळा थांबवता येत होता. "त्यातून आज तर नकोच. आज विद्यापीठाचा एक माणूस यायचा आहे, मुंडकी मोजायला."

"असं? मुंडकी मोजायला?"

"फेररचना! चोवीस तास शिकवा म्हणे. ज्यानं हे ठरवलं, त्यानं उभ्या जन्मात एक वर्ग तरी घेतला असेल का, सांगा बरं? गाडीतून यायचं, चहा प्यायचा, आकडा लिहायचा की चालले. पोरं कुठून येतात, बस आहे का नाही, कशाचं काही घेणंदेणं नाही. ढेकूण बरा, तो निदान रक्त पिताना जवळ तरी बसतो."

टोपीवाला सरांच्या हाताकडं बघत होता. "तुम्ही कोण म्हणायचं?"

"मी इतिहासाचा प्राध्यापक."

"तरीच. विळा उलटा धरलाय की हो. असं कापलं तर अंगठा जाईल तुमचा. द्या इकडं."

त्यानं बूट-मोजे काढून बांधावर ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाचरात उतरला. डाव्या हातात ताटं आवळून, उजव्या हातानं खसाखस कापत तो पाच मिनिटांत प्रवीणच्या पुढं गेला. तुळजानं कमरेवर हात ठेवून बघितलं.

"ह्यो मात्र पुरा इळा हाय," ती म्हणाली. "मास्तर न्हाई वाटतं?"

गृहस्थ हसला. त्याचं घर हल्याळकडचं, वडील शेतकरी. तीस वर्षांत विळा हातात घेतला नव्हता, असं तो सांगत होता. मग कापता कापता तो एकेक विचारू लागला. तुम्ही प्राध्यापक असून शेतात कसे? पोरं किती लांबून येतात? आणि तुम्ही म्हणता ती पाहुणी बाई कोण? महाबळेश्वर सर उत्तरं देत गेले आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी विद्यापीठाच्या माणसाला एक विशेषण जोडत गेले. टोपीवाला प्रत्येक वेळी "असं का?" म्हणून पुढची मूठ कापत होता.

दीड वाजता येसाजी धापा टाकत आला. "सर, अजून कमिटी आली न्हाई! अश्विनी बाईंनी तीन तास शिकवलं. पोरं उपाशी हायत. बाई म्हंटल्या, आता कोन येत न्हाई, तुळजाचं काम तरी पुरं करून देऊ. समद्यांस्नी घिऊन हिकडंच याला लागल्यात."

"आली नाही म्हणजे काय? अकराची वेळ होती!" सर संतापले. "बघा, हा यांचा कारभार!"

टोपीवाला सरळ उभा राहिला आणि त्यानं उपरण्यानं घाम पुसला. "कमिटी आली आहे."

"कुठं?"

"इथंच. अकरा वाजल्यापासनं." त्यानं मातीचा हात पुढं केला. "डॉक्टर नागराज. समितीचा सदस्य. दुसरे सदस्य आजारी पडले. चार दिवसांत सहा कॉलेजं फिरल्यावर कुणीही पडेल."

महाबळेश्वर सरांनी अकरापासून बोललेली सगळी वाक्यं मनातल्या मनात एकदा फिरवून बघितली. त्यांत मागं घेण्याइतकं सौम्य एकही नव्हतं.

"ढेकणाचं मी..." त्यांनी सुरुवात केली.

"ते राहू दे. खरं आहे ते." नागराज बांधावर बसले. "पण मोजणी काही होणार नाही, सर. मी पण संघटनेचा माणूस, बावीस वर्षं. आज बहिष्कार आहे. घरातून निघालो तेव्हाच ठरवलं होतं, कॉलेजात जायचं, चहा प्यायचा आणि आकडा न लिहिता परत यायचं. तुमच्या शाखेचं अभिनंदन करायचं म्हणूनच रस्ता विचारत होतो."

"अहो, पण मोजणी नाही झाली तर?" नेत्रा मॅडमनी विचारलं.

"आकडा नसेल तिथं शून्य धरायचं, असा आदेश आहे."

महाबळेश्वर सर मटकन खाली बसले. संघटनेचा अध्यक्ष संघटनेच्या सभासदाला हात जोडून म्हणू लागला, "सर, पाया पडतो, बहिष्कार मोडा!"

"छे, छे! तुम्हीच असं म्हणायला लागल्यावर संघटना कशी टिकायची?"

तेवढ्यात अश्विनी मुलांना घेऊन पोचली. दोघंजण खाली बसलेले बघून आधी तिला वाटलं, कुणाचा तरी अंगठा गेला. नेत्रा मॅडमनी तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिनं ऐकलं, पदरानं कपाळ पुसलं आणि ती म्हणाली, "असू दे. आज वर्ग छान झाला. शेवटचा असेल तर असाच बरा." मग तिनं पर्स बांधावर ठेवली, प्रवीणचा विळा उचलला आणि मुलांच्या ओळीला जाऊन वाकली.

नेत्रा मॅडम खाचरातच उभ्या राहून पिशवी उपसत होत्या. संघटनेचं पत्र बाहेर आलं. मातीच्या बोटांनी त्यांनी एक ओळ दाखवली.

"डॉक्टरसाहेब, 'अध्यापनावर संपूर्ण बहिष्कार'. अध्यापनावर! मोजण्यावर नाही. मोजणं हे अध्यापन आहे का?"

नागराजांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. "नाही," ते हळूच म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "मोजणं हे अध्यापन नव्हेच." त्यांनी ड्रायव्हरला हाक मारून फाइल मागवली आणि ओळीच्या टोकापासून मोजायला सुरुवात केली.

"पंधरा!"

"सतरा हायत," तुळजा म्हणाली. "ए, बाहेर या रं! जेवायला मिळनार न्हाई."

उडवीमागून दोन मुलं डोक्यातलं गवत झाडत बाहेर आली. सतरापैकी सतरा. आंबेखोल कॉलेजच्या स्थापनेपासून कुठल्याही वर्गात शंभर टक्के हजेरी लागल्याची ही पहिलीच वेळ.

नागराजांचं पेन मात्र थांबलं. "फॉर्मवर विचारलंय, विद्यार्थी काय शिकत होते. भात कापत होते, असं कसं लिहू?"

अश्विनी काही बोलायच्या आधी चंद्रा पुढं आली. "सर, हाच धडा आहे आमचा. ग्रामीण श्रम. आज आमच्या शेतात सगळे आले, उद्या आम्ही पुतळीमावशीच्या शेतात जायचं. जितके हात घेतले तितके परत द्यायचे. पण शांतीआजी एकटी आहे, तिच्याकडून कुणी हात परत मागत नाही. तिचं शेत सगळ्यांत आधी कापतात. हे पुस्तकात नाही. मॅडम म्हणाल्या, घरी जाऊन बघा आणि लिहून आणा. मी वीस पानं लिहिली आहेत."

तुळजाला त्यातलं निम्मंच समजलं असावं, पण तिनं डोळ्याला पदर लावला. नागराजांनी एक चौकट शोधून काढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'क्षेत्रकार्य'. मग सगळ्यांनी पेज आणि कंदाची भाजी खाल्ली. डॉक्टर नागराजांनी दोनदा मागून घेतली आणि सूर्य डोंगरामागं जाईपर्यंत ते खाचरातच होते. करार तिघांशी झाला होता, तरी त्यांनी तो पाळला.

प्रवीणनं चढावर जाऊन रेंज मिळताच फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी संघटनेनं ते सगळ्या शाखांना पाठवून दिले, 'आंबेखोल शाखेचे अभिनव आंदोलन : लेखणी खाली, विळा हाती'.

महिन्याभरानं दुपारच्या बसमधून पुन्हा विद्यापीठाचा लखोटा पडला. येसाजीनं तो झेलला तेव्हा सगळे व्हरांड्यात जमले होते. नेत्रा मॅडमनी फोडला. समाजशास्त्र हा क्षेत्रकार्याचा विषय म्हणून मान्य झाला होता. विषय राहणार, अश्विनीचे तास राहणार आणि पुढची नेमणूक एकदम तीन वर्षांची. कायम प्राध्यापकांचे तासही सोळाच.

अश्विनीनं पत्र हातात घेतलं, वाचलं आणि ते तोंडावर धरून ती खांबाला टेकून उभी राहिली. महाबळेश्वर सरांनी दुसरीकडं बघितलं. प्रवीण पेढे आणायला मोटारसायकलकडं पळाला.

"थांबा," नेत्रा मॅडम म्हणाल्या. त्यांनी दुसरं पान उलटलं होतं. "'क्षेत्रकार्य दरवर्षी सुगीच्या काळात सक्तीचे राहील. अतिथी प्राध्यापकांवर त्याची जबाबदारी टाकता येत नसल्याने कायम प्राध्यापकांनी शेतात प्रत्यक्ष सहभागी होऊन मार्गदर्शन करावे. आठवड्याला चार तास. सोळा तासांव्यतिरिक्त.'"

प्रवीणनं मोटारसायकल बंद केली.

"सर," मोटारसायकलवर बसलेल्या प्रवीणनं विचारलं, "पेढे आणायचे का निषेध करायचा?"

सरांचा हात आपोआप कमरेकडं गेला होता. ते उत्तर देणार तोच येसाजीनं फाटकाकडं बोट दाखवलं. तुळजा येत होती आणि तिच्यासोबत डोक्यावर काकड्यांची पाटी घेतलेली एक धिप्पाड बाई होती.

"ही पुतळी," तुळजानं ओळख करून दिली. "हिला तुमच्याशी बोलायचं हाय."

पुतळीनं पाटी पायरीवर ठेवली आणि सगळ्यांत मोठी काकडी काढून अध्यक्षांच्या हातात दिली. "मास्तर, तुमी संप केलासा आनि तुळजाचं शेत येका दिवसात झालं. आमचं डुकरांनी खाल्लं. पुडच्या साली संप आमच्यात करा की. पर आमचं शेत मोटं हाय, येका दिवसात आवरायचं न्हाई. दोन दिवसाचा करा."

महाबळेश्वर सरांनी काकडीकडं बघितलं, नेत्रा मॅडमकडं बघितलं, खांबाशी डोळे पुसत हसणाऱ्या अश्विनीकडं बघितलं. मग व्हरांड्यातल्या टेबलावरची संघटनेची ठरावांची वही ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"तारखा बोला," ते म्हणाले.